स्वामी आणि पाल : परक्याची गुरे सांभाळण्याचे प्राचीन करार

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्राने जी अठरा विवादपदे मानली, त्यांत ‘स्वामिपालविवाद’ हे एक होय. स्वामी म्हणजे गुरांचा धनी आणि पाल म्हणजे ती राखणारा गोपाळ. ऋणादान, दायभाग, सीमाविवाद या पदांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले. त्या मानाने हे विवादपद उपेक्षितच राहिले असे म्हटले पाहिजे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) त्याचा परामर्श घेतला आहे. तथापि त्यांचा हेतू स्मृतिवचनांची संगती लावण्याचा होता. या वचनांमागे जो आर्थिक व्यवहार उभा आहे त्याचा स्वतंत्र विचार होण्यास अद्याप वाव आहे.

व्यवहाराचे मूळ अगदी साधे आहे. धनी गावात असतो आणि गुरे रानात. सकाळी दावणीची गुरे गोपाळाच्या हवाली होतात, संध्याकाळी ती परत यावयाची असतात. मधल्या काळात काय घडले हे गोपाळाखेरीज कोणी पाहिलेले नसते. एखाद्या संध्याकाळी एक गाय कमी भरली तर ती वाघाने नेली, चोरांनी हाकली, चिखलात रुतून मेली, की गोपाळानेच पलीकडच्या गावी विकली, हे धन्याने कसे ओळखावे? आणि ती खरोखरच वाघाने नेली असेल, तर तिची किंमत कोणी सोसावी? या दोन प्रश्नांना निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती उत्तरे गोपाळाला मोबदला कोणत्या रूपाने मिळत असे यावर फार अवलंबून होती, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम मोबदल्याचा विचार करू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दुधावर राबणाऱ्या गोपाळाचा उल्लेख आहे. ज्याला दुसरे वेतन नाही त्याने, धन्याच्या संमतीने, दहा गाईंमागे एका गाईचे दूध घ्यावे. आणि ती गाय दहांतील उत्तम असावी. ही ‘उत्तम’ची अट मोठी बोलकी आहे. अट नसती तर कोणता धनी आपली सर्वांत आटलेली गाय गोपाळाच्या वाट्याला लावल्यावाचून राहिला असता? नारदस्मृतीने हिशेब वेगळा मांडला आहे. शंभर गाई राखणाऱ्यास वर्षाला एक कालवड, दोनशे राखणाऱ्यास एक दुभती गाय, आणि शिवाय दर आठव्या दिवशीचे सर्व दूध. नारदाने हा विषय स्वतंत्र विवादपद न मानता वेतन न देण्याच्या पदात घातला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या दृष्टीने गोपाळ हा मुख्यतः वेतन घेणारा सेवक होता. वेतन ठरविलेच नसेल तर काय, याविषयी याज्ञवल्क्य आणि कौटिल्य यांचे एकमत दिसते. याज्ञवल्क्याने पशूंपासून होणाऱ्या लाभाचा दहावा भाग सांगितला, कौटिल्याने गोपाळाला तुपाचा दहावा भाग दिला.

मनूची दशांशाची आणि नारदाची अष्टमांशाची रीत वरवर सारखी वाटली तरी त्यांचे परिणाम सारखे नाहीत. मनूच्या रीतीत गोपाळाचे लक्ष एका गाईवर खिळते. उत्तम चारा, उत्तम पाणवठा तिला मिळेल, उरलेल्या नऊ जणींचे काय व्हावयाचे ते होवो. नारदाच्या रीतीत सर्व कळपाचे दूध त्याला आळीपाळीने मिळते, म्हणून सर्व कळप नीट राहण्यात त्याचे हित आहे. मात्र सातव्या दिवशी संध्याकाळी आचळात थोडे दूध राखून ठेवण्याचा मोहही त्याला होणारच. वर्षाअखेरीच्या कालवडीने वासरे जगविण्याकडे त्याचे लक्ष लागते, हा नारदाच्या योजनेतील खरा चतुर भाग होय.

वासरांचा हा प्रश्न ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्षाचे प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या प्रा. र. पं. कंगले यांच्या चिकित्सित आवृत्तीमुळे (१९६०) ते आता अभ्यासकांना विश्वसनीय पाठासह उपलब्ध आहे. राजाच्या गुरांसाठी गोपाळ, म्हशी राखणारा, दोहक, मंथक आणि लुब्धक असे पाच प्रकारचे सेवक नेमावे आणि त्यांना वेतन रोख द्यावे, असे तेथे सांगितले आहे. कारणही दिले आहे : दुधातुपावर वेतन ठरविले तर हे लोक वासरांचा घात करतील. वासराच्या तोंडचा पान्हा जितका कमी, तितकी चाकराची चरवी अधिक भरणार. याच प्रकरणात वर्षा, शरद आणि हेमंत या ऋतूंत दोन वेळ आणि उरलेल्या तीन ऋतूंत एकच वेळ धार काढावी असा नियम आहे. एकवेळच्या ऋतूत दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याचा अंगठा तोडावा असा दंड आहे. दंड क्रूर खरा. पण तो कशासाठी हे पाहिले म्हणजे रोख वेतन ठरवूनही कौटिल्याचा सेवकांवर किती थोडा विश्वास होता ते कळते.

रोख वेतनाची ही पद्धत ‘वेतनोपग्राहिक’ या नावाने आली आहे. तिच्याखेरीज आणखी तीन व्यवस्था कौटिल्याने नोंदविल्या आहेत, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच अधिक महत्त्वाच्या आहेत. ‘भग्नोत्सृष्टक’ म्हणजे रोगी, व्यंग असलेली, परक्याला धार न देणारी, अवघड धारेची किंवा स्वतःचे वासरू मारणारी अशी टाकाऊ गुरे. ती सांभाळणाऱ्याने त्या गुरांच्या प्रतीनुसार भाग द्यावा. ‘भागानुप्रविष्टक’ हा याच्या उलट दिशेने होणारा व्यवहार आहे. परचक्राच्या किंवा आटविकांच्या भीतीने खाजगी धनी आपली गुरे राजाच्या कळपात आणून सोडतात, आणि रक्षणाबद्दल दहावा भाग देतात. येथे राजा हाच पाल झाला आहे! दशांश हा गोपाळाच्या मोबदल्याचा रूढ दर होता असे वर दिसले. राजानेही रक्षक या नात्याने तोच दर घ्यावा हे मौजेचे आहे.

राहिली ‘करप्रतिकर’ ही व्यवस्था. तिच्यात म्हाताऱ्या, दुभत्या, गाभण, प्रथम गाभण राहिलेल्या आणि लहान कालवडी अशा पाच वर्गांची समसमान, मिळून शंभर गुरे एका माणसाच्या हवाली होतात. त्याने वर्षाला आठ वारक तूप, दर शेपटीमागे एक पण आणि मेलेल्या जनावराचे डाग असलेले कातडे द्यावयाचे. बाकीचे उत्पन्न त्याचे. हा कर जड होता की हलका? अर्थशास्त्रातीलच मापे घेऊन हिशेब करता येतो. तुपाचा एक वारक ८४ कुडुबांचा; म्हणजे आठ वारक ६७२ कुडुब, अर्थात १६८ प्रस्थ. गाईच्या एक द्रोण दुधातून एक प्रस्थ तूप निघते असे त्याच प्रकरणात म्हटले आहे. म्हणून हा कर १६८ द्रोण दुधाचा झाला. शंभरांपैकी दुभत्या गाई वीस धरल्या तर दर गाईमागे वर्षाला सुमारे ५३८ कुडुब, म्हणजे दिवसाला दीड कुडुब दूध पडते. प्रस्थाच्या अर्ध्याहूनही हे कमी आहे. वर्षाच्या ओघात गाभण गाई विऊन दुभत्या होतील हे लक्षात घेतले तर तुपाचा भार मुळीच जड म्हणता येणार नाही.

रोख पणांची गोष्ट निराळी. शंभर शेपट्यांचे शंभर पण होतात. सीताध्यक्षाच्या प्रकरणात गोपाळ, दास, कर्मकर इत्यादींना अन्नाखेरीज महिन्याला सव्वा पण द्यावा असे सांगितले आहे. त्या दराने वर्षाचे पंधरा पण होतात. म्हणजे करप्रतिकराने गुरे घेणाऱ्याला सहा गोपाळांच्या वार्षिक रोख वेतनाहून अधिक रक्कम दरवर्षी राजाकडे भरावी लागे. ज्याचे सर्वस्व एक काठी आणि एक कांबळे आहे अशा माणसाला हे शक्य नव्हते. तेव्हा करप्रतिकराचा धारक हा गुराखी नसून तूप, गोऱ्हे आणि वासरे बाजारात विकू शकणारा, हाताखाली माणसे ठेवणारा मक्तेदार असला पाहिजे, असे अनुमान काढणे भाग आहे. गोपाळ हा शब्द दोघांनाही लागू पडत असला तरी दोघांना एकाच वर्गात घालणे चुकीचे ठरेल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे जनावराच्या मृत्यूकडे वळू. मनूने सीमारेषा स्वच्छ आखली आहे. दिवसा जबाबदारी पालाची. रात्री गुरे धन्याच्या घरी असतील तर धन्याची, नसतील तर रात्रीही पालाचीच. हरवलेले, किड्यांनी खाल्लेले, कुत्र्यांनी मारलेले, खाचखळग्यात पडून मेलेले जनावर, माणसाने करावयाचे प्रयत्न पालाने केले नसतील तर, त्याने भरून द्यावे. परंतु चोरांनी बळाने नेले, आणि पालाने आरडाओरडा केला, योग्य स्थळी व वेळी धन्याला कळविले, तर तो दोषी नाही. लांडग्यांनी शेळ्यामेंढ्यांना घेरले असता जो पाल धावून गेला नाही त्याने भरपाई द्यावी. मात्र कळप एकत्र राखून चारत असता लांडग्याने अचानक झेप घालून एखादी मारली, तर त्याचा अपराध नाही. कसोटी सर्वत्र एकच आहे. काय घडले यापेक्षा पालाने काय केले हे पाहावयाचे. याज्ञवल्क्यानेही हेच थोडक्यात सांगितले : सकाळी जशी सोपविली तशी गुरे संध्याकाळी परत करावी, आणि वेतन घेणाऱ्याने आपल्या प्रमादाने मेलेली वा हरवलेली गुरे भरून द्यावी. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या वचनावर लिहिताना वेतनासाठी नारदाचा आधार घेतला. त्यामुळे वेतन आणि जबाबदारी यांचा सांधा टीकाकारांच्याही डोळ्यांपुढे होता असे दिसते.

चोरांविरुद्ध आरडाओरडा ही शास्त्रातील अट कोरडी वाटेल. परंतु महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गावोगावी जे वीरगळ आढळतात त्यांतील कित्येकांवर गाईंच्या रांगा कोरलेल्या आहेत; गुरे हाकून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्यांची ती स्मारके होत. विराटपर्वातील गोग्रहणाच्या कथेची पार्श्वभूमीही हीच. मनूने पालाकडून हाळी आणि वर्दी यांहून अधिक मागितले नाही, हे या दगडांकडे पाहताना विसरता कामा नये.

घडलेली गोष्ट सिद्ध कशी करावयाची? मेलेल्या जनावराचे कान, कातडे, शेपूट, मूत्राशय, स्नायू आणि गोरोचन धन्याला आणून द्यावे आणि खुणा दाखवाव्या, असे मनू सांगतो. कौटिल्याची यादीही अशीच आहे : गाईम्हशींचे डागाचे कातडे, शेळ्यामेंढ्यांचे खुणेचे कान. यात धन्याचा कातड्याच्या किमतीवर डोळा होता हे उघड आहे. परंतु कानाला बाजारात काय किंमत येणार? तो केवळ पुरावा होता. गुरांच्या कानांवर खुणा करण्याची चाल फार जुनी. पाणिनीने कानाच्या खुणांवरून बनणाऱ्या शब्दांसाठी एक स्वतंत्र सूत्र रचले, आणि त्यात आठाचा व पाचाचा आकडा, स्रुवा, स्वस्तिक इत्यादी खुणांची गणना केली. डा. वासुदेवशरण अग्रवाल यांनी पाणिनिकालीन भारतावरील आपल्या ग्रंथात या सूत्राचे महत्त्व दाखवून दिले आहे. वनपर्वातील घोषयात्रेत दुर्योधन गुरांची मोजणी करून वासरांवर खुणा करण्याच्या निमित्ताने द्वैतवनात जातो. निमित्त खोटे होते, पण ते सर्वांना पटण्याजोगे होते. राजाने अधूनमधून जाऊन गुरे मोजावी ही रीत रूढ असल्याशिवाय ते चालले नसते.

असाच विचार बाबिलोनियातही झालेला दिसतो. इराणात सुसा येथे १९०१–०२ मध्ये सापडलेल्या हम्मुराबीच्या शिलालेखात गुराख्याचे वार्षिक वेतन धान्यात ठरविले आहे. खूण बदलून जनावर विकणाऱ्याला दसपट भरपाई आहे. गोठ्यावर देवाचा कोप झाला किंवा सिंहाने जनावर मारले तर गुराख्याने देवासमोर शपथ घेऊन मोकळे व्हावे, आणि नुकसान धन्याने सोसावे, असाही नियम आहे. तेथे शपथेला जे स्थान आहे ते आपल्याकडे कान आणि शेपूट यांना आहे. मात्र दैवी आपत्तीचा भार धन्यावर, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

हे तत्त्व सोडून दिलेली एक व्यवस्था दक्षिण भारतात होती, आणि तिचे पुरावे दगडावर कोरलेले आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच मंदिरात पहिल्या राजराज चोळाच्या (९८५–१०१४) काळचे तमिळ लेख आहेत. हुल्ट्श यांनी ते ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’च्या दुसऱ्या खंडात संपादिले. त्यांपैकी काही नंदादीपांच्या देणग्यांविषयी आहेत. एका अखंड दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी असे प्रमाण तेथे आढळते. दाता ही जनावरे देवाला देतो. मंदिर ती एखाद्या मेंढपाळाच्या किंवा गवळ्याच्या स्वाधीन करते. आणि त्याने दररोज एक उळक्कु तूप दिव्यासाठी घालावयाचे. उळक्कु म्हणजे एका नाळीचा चौथा भाग. हे देणे एका वर्षापुरते वा एका पिढीपुरते नसून चंद्रसूर्य असेपर्यंतचे होते.

तमिळ लेखांत अशा मेंढ्यांना ‘सावा मूवा पेराडु’ म्हणतात. अर्थ असा की या मेंढ्या मरत नाहीत आणि म्हाताऱ्याही होत नाहीत. भाविक भाषेमागील व्यवहार कठोर आहे. मेंढी तर मरणारच. मेली तर तिच्या जागी कळपातील कोकरू मोजावयाचे, आणि कोकरू नसेल तर मेंढपाळाने ते कोठूनही आणावयाचे. देवाच्या वहीत आकडा नेहमी ९६ च. येथे कान आणून दाखविण्याचे प्रयोजनच उरले नाही, कारण मृत्यूची दखलच घेतली जात नव्हती. लांडगा, रोग, अवर्षण यांचा संपूर्ण भार पालाने घेतला. मंदिराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. रानात काय घडले याची चौकशी नको, मोजणी नको, गोऽध्यक्ष नको; दिवा जळतो आहे की नाही एवढे पाहिले की पुरे. काही लेखांत मेंढपाळाबरोबर त्याच्या आप्तांचीही नावे नोंदलेली आहेत, ती हे देणे चुकू नये म्हणूनच असली पाहिजेत.

मेंढपाळाने हे का पत्करावे? चांगल्या वर्षी त्याचा लाभ मोठा होता हे एक उत्तर. ९६ मेंढ्यांची वाढ, लोकर, खत आणि उरलेले दूधतूप सारे त्याचेच. स्वतःचे भांडवल नसलेल्या माणसाला असा कळप एरवी मिळता ना. परंतु अवर्षणाची दोनतीन वर्षे लागोपाठ आली म्हणजे या कराराचे रूप पालटत असणार. कळप निम्म्यावर आला तरी रोजचे उळक्कु निम्मे होत नव्हते. तमिळ देशाच्या आर्थिक इतिहासावर लिहिताना या देणग्यांचा उल्लेख दात्याच्या बाजूने, दानधर्म म्हणून होतो. त्या घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्या तर ते न फिटणारे ऋण आहे, आणि पुढील पिढीने ते जन्मतःच अंगावर घेतलेले आहे. शिलालेख मंदिराने कोरविले. त्यांत मेंढपाळाची तक्रार सापडण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

अगदी असाच करार युरोपात स्वतंत्रपणे उदयास आला, आणि त्याला तेथे ‘लोखंडी’ गुरांचा करार म्हणत. लोखंड मरत नाही म्हणून. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेत त्याची कलमे आहेत. शेत खंडाने घेणाऱ्याने गुरेही किंमत ठरवून घ्यावयाची, आणि मुदतीअखेर तितक्याच किमतीची गुरे मागे ठेवावयाची. अपघाताने सर्व गुरे मेली तरी, वेगळा करार नसल्यास, नुकसान त्याचेच. मात्र त्याच संहितेने साध्या वाटेकरीच्या करारात उलट धोरण स्वीकारले. तेथे वाढीचा आणि लोकरीचा निम्मा भाग पाळणाऱ्याचा, दूध, खत आणि गुरांची मेहनत सर्वस्वी त्याची. आणि त्याचा दोष नसताना झालेले सर्व नुकसान त्याच्याच माथी मारणारी अट घालण्यास कायद्याने बंदी केली. दुर्बळ पक्षाला अशी अट लिहून घेऊन सहज अडकविता येते, हे संहिताकारांनी जाणले होते.

आपल्या खेड्यांतून ‘अर्धेली’ने गुरे देण्याची जी चाल आहे ती या दुसऱ्या प्रकारची होय. ज्याच्याजवळ पैसा आहे पण चारा वा मनुष्यबळ नाही तो कालवड किंवा शेळी दुसऱ्याच्या दावणीला बांधतो. पुढे होणारी वासरे किंवा वाढलेली किंमत दोघे निम्मेनिम्म वाटून घेतात. कालवड विण्यापूर्वीच दगावली तर धन्याची कालवड गेली आणि पाळणाऱ्याचा चारा व श्रम गेले. हा करार लिहिला जात नाही, म्हणून दप्तरखान्यांत त्याचा माग लागणे कठीण आहे. दूध कोणाचे, पहिले वेत कोणाचे, खोंड झाल्यास काय, मेलेल्या जनावराचे कातडे कोणाकडे जाते, या अटी गावपरत्वे बदलतात. विभागाच्या ज्या विद्यार्थ्यांची गावे अद्याप गुरे बाळगून आहेत त्यांनी सुटीत घरी गेल्यावर जाणत्या माणसांकडून या अटी तपशीलवार टिपून आणल्या, तर नारदाच्या कालवडीचा आणि मनूच्या दहाव्या गाईचा अर्थ लावण्यास त्यांचे साहाय्य होईल.